नाशिक ते झरी जामणी: गट सोडून गेलेल्या मित्राच्या शोधात

गुडघे, मनगटं आणि बोटं कुरकुरत असताना साडेसहाशे-सातशे किलोमीटर प्रवास करावा की नाही, असा प्रश्न मला आता बरेच जण विचारतात. हा लेख त्यांच्यासाठी. पण आधी मी का गेले, ते सांगायला हवं.

मला संधिवात आहे. त्याला आता बरीच वर्षं झाली. आमचा फोनवर एक गट आहे, नाव 'उठलात का?'. कोल्हापूरकडच्या एका बाईंनी तो सुरू केला. या आजारात सकाळ सगळ्यात वाईट. घरातले झोपलेले असतात आणि आपलं अंग लाकडासारखं झालेलं असतं. त्या वेळी कुणीतरी कुठूनतरी लिहितं, "उठलात का?" आणि हळूहळू उत्तरं येऊ लागतात. कुणी औषधांबद्दल बोलतं, कुणी सुनेबद्दल, कुणी भाजीच्या भावाबद्दल.

त्यातले दोघं माझे खास. यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावच्या नसीम आपा, वय साठीच्या आसपास, आजार माझ्यासारखाच. आणि झरी जामणी तालुक्यातल्या एका लहान गावचे देवराव. कापूस-तुरीची शेती, वय चाळिशीचं, पण कणा आखडत चाललेला. कूस बदलायलाही बायकोला उठवावं लागतं, असं त्यांनी एकदा लिहिलं होतं. आम्हा तिघांची भेट कधीच झाली नव्हती.

दिवाळीनंतर एका सकाळी पडद्यावर ओळ दिसली, देवराव गट सोडून गेले. फोन केला तर उचलेनात. आपांनी चार निरोप धाडले, त्याला एकदाच उत्तर आलं: "बरा आहो." पुढे काही नाही.

आपांचा मला फोन आला. "मीना, बरा आहो म्हणते थो, पण बरा मानूस असा पळते काय व? अंथरुणातच पडला असन. मी पन्नास-साठ किलोमीटरवर राहून राह्यली अन् एकदाबी गेली नाई त्याच्या घरी. तू येतं काय?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "तिथे जाऊन तूच आडवी झालीस तर?" मी म्हटलं, "तर आपांकडे आडवी होईन." डिसेंबरमध्ये निघाले.

नाशिकरोडहून संध्याकाळची गाडी पकडली की सकाळी वर्धा येतं. आपल्यासारख्यांनी खालचाच बर्थ घ्यावा आणि स्टेशन येण्याच्या तासभर आधी उठून बोटं, घोटे हलवायला सुरुवात करावी. गाडी आपल्या सांध्यांसाठी थांबत नाही. पाण्याच्या बाटलीचं झाकण शेजाऱ्याकडून निघतानाच सैल करून घ्यावं. औषधं हाताशी, गरम पाण्याची पिशवी बॅगेत सगळ्यात वर.

वर्ध्याहून यवतमाळची एसटी मिळाली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिशाला काही लागत नाही. लागतं ते गुडघ्याला, कारण एसटीची पायरी आजही उंच आहे. वाहक खाली उतरले, माझी काठी वर ठेवली आणि म्हणाले, "सावकाश चढा मावशी, घाई कोनाले हाय?" बसमधल्या कुणीही तोंड वाकडं केलं नाही.

यवतमाळच्या स्टँडबाहेर पोहे खाल्ले, वर तर्री. नाशिकच्या जिभेला ती झणझणीत लागते, पण थंडीत डोळ्यांतून पाणी आलं की बरं वाटतं. मग वणीची बस. करंजीला नागपूर-हैदराबाद महामार्ग ओलांडला की दोन्ही बाजूंना कापूस. वेचणी अर्धी झालेली, काही शेतं अजून पांढरी, मधेमधे तुरीच्या ओळी. उन्हं तिरपी होता होता मारेगावला उतरले.

आपा स्टँडवर आल्या होत्या, सोबत त्यांचे यजमान हमीदभाई. त्यांचं मुख्य रस्त्यावर ट्रॅक्टर आणि मोटरसायकली दुरुस्त करायचं गॅरेज आहे. आपांचा फोटो मी कधी पाहिला नव्हता, तरी ओळखायला वेळ लागला नाही. उठताना त्यांनी आधी दोन्ही तळवे मांड्यांवर टेकवले, मग कोपरांनी जोर घेतला. मी अगदी तशीच उठते. एरवी लोक प्रेमाने हात दाबतात आणि आपला जीव जातो. आम्ही दोघींनी फक्त तळव्यावर तळवा ठेवला.

"आवाजावरून मले वाटलं, तू जाडी असशीन," आपा म्हणाल्या.

"मला वाटलं, तुम्ही उंच असाल."

"होती ना. गुडघ्याईनं कमी केली."

त्यांचं घर मी मुद्दाम फिरून पाहिलं, कारण ते आपल्या लोकांनी पाहण्यासारखं आहे. नळांना वीतभर लांब दांडे जोडलेले, म्हणजे मनगटाने ढकलता येतात. कडीला लोखंडी वाकडा तुकडा, कोपराने सरकतो. पलंग चार इंच उंच केलेला. सगळं हमीदभाईंनी गॅरेजमध्ये बनवलेलं. मी कौतुक केलं तर ते लाजून म्हणाले, "दीदी, हिच्या हातचा चहा पाह्यजे मले. म्हून नळाले दांडा लावला."

रात्रीच्या जेवणात तुरीच्या हिरव्या दाण्यांची भाजी होती. तिकडे त्या दाण्यांना सोले म्हणतात. ज्वारीची भाकरी हमीदभाईंनी थापली. आपांना आता थापता येत नाही, त्या शेजारी बसून फक्त चुका काढत होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघी आखडलेल्या उठलो. रोज याच वेळी आमच्या गप्पा चालतात. पण समोरासमोर बसल्यावर काय बोलावं तेच सुचेना. पातेल्यात गरम पाणी घेऊन चारही हात त्यात बुडवून आम्ही बसलो. थोड्या वेळाने आपा स्वयंपाकघरात गेल्या आणि माझा फोन वाजला. आपांचा आवाज: "मीना, चहात साखर किती टाकू?" सवयीने त्यांनी आतून मला आवाजाचा निरोप पाठवला होता. मी इतकी हसले की बरगड्या दुखल्या. त्यानंतर मात्र आमची जी बडबड सुरू झाली ती थांबली नाही.

सकाळचं आखडलेपण उतरल्यावर हमीदभाईंच्या जुन्या जीपमधून निघालो. आडवाटेचा रस्ता जवळचा पडतो, पण हमीदभाईंनी वणी-मुकुटबनचा लांबचा धरला. "तुमच्या हड्ड्या पाहून रस्ता पकडा लागते," ते म्हणाले. वणीजवळ कोळशाच्या ट्रकांची रांग आणि काळी धूळ, तिथे काचा बंद ठेवा. मुकुटबनच्या पुढे गर्दी संपते. सागाचं जंगल सुरू होतं, मोठाली पानं वाळून रस्त्यावर पडलेली. मधेच एक पाडा, मधेच कापसाचा तुकडा. पाठीमागे उशी आणि मानेला पंचा गुंडाळून आम्ही बसलो होतो. दर अर्ध्या तासाला उतरायचं, चार पावलं चालायचं, पुन्हा बसायचं. हा नियम पाळा, पोहोचायला उशीर होऊ दे.

गाव जवळ आलं तसा आपांनी मानेचा पंचा सोडून पुन्हा गुंडाळला. "आपुन जाऊन राह्यलो, पन त्याले आवडलं नाई तं?" त्यांनी विचारलं. माझ्या मनातही तेच होतं. दुखण्यात माणूस कुणालाच तोंड दाखवायला तयार नसतो असे दिवस आम्ही दोघींनी काढलेत. देवराव अंथरुणाला खिळले असतील तर त्यांना काय सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव करत होते.

गावाच्या तोंडाशी एक म्हातारेबुवा उन्हात बसले होते. हमीदभाईंनी जीप थांबवून विचारलं, "बाबाजी, देवरावचं घर कुठी आलं?"

"घरी कायले जाता? थो वावरात हाय. कापूस भरून राह्यला."

"कोण, देवराव?" आपा मागून म्हणाल्या. "पाठीच्या दुखण्याचा?"

"थोच. जा, सरके जा, हिरीच्या बाजूनं."

विहिरीच्या बाजूने सरळ जाऊन शेताच्या कडेला जीप उभी केली. वेचणाऱ्या बायका दूर ओळीत होत्या. अलीकडे एक उंच माणूस कापसाचं गाठोडं दोन्ही हातांनी उचलून बैलगाडीत टाकत होता. टाकलं, वळला, वाकला, दुसरं उचललं. आम्ही दोघी काठ्या टेकत उभ्या.

त्याने आम्हाला पाहिलं. आधी ओळखलं नसावं. मग त्याची नजर आपांच्या बोटांवर गेली, माझ्या काठीवर गेली, आणि हातातलं गाठोडं खाली आलं.

"आपा?"

"हो, मीच. अन् हे मीना, नाशिकची," आपा म्हणाल्या. "तू तं चांगला हाय रे, देवराव!"

देवराव मान खाली घालून उभे राहिले. मग सांगू लागले. यवतमाळच्या एका डॉक्टरांनी दुखण्याचं नेमकं निदान केलं, औषध बदललं, व्यायाम लावून दिला. दोन-तीन महिन्यांत पाठ सुटत गेली. "एक दिवस सकाळी उठलो तं अंग मोकळं. बायकोले आवाज न देता उठलो. आधी फोन घेतला, तुमाले सांगाले. पाह्यतो तं आपा, तुमचाच मेसेज. चमचा धरता येऊन नाई राह्यला म्हून. त्याच्याखाली मी काय लिहू? माही पाठ मोकळी झाली म्हून लिहू? रोज असंच होये. खोटं लिहाले जमे नाई अन् खरं लिहाले लाज वाटे. मंग निघून गेलो."

"अन् बरा आहो लिहिलं थे?"

"थे खरंच होतं आपा."

मला काय वाटलं ते लपवत नाही. पहिल्यांदा आनंद झाला नाही. त्या उचललेल्या गाठोड्याकडे पाहून वाटलं, मलाच का नाही, असं. आनंद आला, पण तो मागून आला.

आपांना मात्र राग आला होता. "देवराव, मी दोन महिने रोज नमाजात तुह्यासाठी दुवा मागून राह्यली. अल्लाहनं कबूल केली, अन् थे मले सांगाले आला नाई तू! मी अजून मागूनच राह्यली ना रे, येड्यासारखी!"

एवढं बोलून त्या रडायला लागल्या आणि रडता रडता हसायलाही. देवरावांनी पुढे येऊन त्यांना धरलं. बोटांना नाही, मनगटालाही नाही, कोपराच्या वर, जिथे दुखत नाही तिथे.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी सुनंदाताई ओळीतून आल्या. सगळं कळल्यावर नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "मी म्हनत नोती काय, सांगून द्या म्हून? आयकतच नाई हा मानूस." आणि लगेच तीन दगड मांडून चूल पेटवली. मिठाच्या पाण्यात तुरीच्या शेंगा उकडल्या आणि पाटीत ओतल्या. यवतमाळ जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत गेलात तर दुसरं काही नाही खाल्लं तरी चालेल, या शेंगा खा. गरम शेंगा सोलता सोलता बोटंही शेकली जातात. आपांनी कितीतरी शेंगा स्वतः सोलल्या.

देवराव माझ्या शेजारी बसले होते. हळूच म्हणाले, "ताई, तुमी काही बोलल्या नाई. राग आला काय?"

"आला थोडा. तुमच्या पाठीचा."

"मंग?"

"मग काय, शेंगा छान आहेत."

ते मोकळेपणाने हसले. त्यांचं दुखणं वेगळं, आमचं वेगळं. त्यांचं औषध आम्हाला चालणार नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. तरी आपांनी डॉक्टरांचं नाव विचारून घेतलं. मी पण घेतलं. निघताना "गटात परत या" असं आम्ही म्हटलं नाही आणि त्यांनीही कबूल केलं नाही. बांधावरून जीपपर्यंत त्यांनी आम्हा दोघींना एकेक करून आणलं, आणि सुनंदाताईंनी शेंगांची पिशवी आत टाकली.

प्रवासाची किंमत सांगायची तर, तिसरा दिवस मी आपांच्या पलंगावर काढला. उजवा गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. असा एक रिकामा दिवस आधीच धरून ठेवा, म्हणजे वाईट वाटत नाही. आपा गरम पाण्याची पिशवी बदलत राहिल्या आणि हमीदभाईंनी मला न विचारता माझ्या घरच्या नळासाठी दोन दांडे बनवून दिले. परतीच्या गाडीत बॅग जड झाली ती त्या दांड्यांनीच.

घरी येऊन आठवडा झाला तेव्हा देवराव गटात परतले. त्यांनी आवाजाचा निरोप पाठवला. मी बरा आहो, वावरात काम करतो, सांगाले भीत होतो, एवढंच. गटातल्या एक बाई दोन दिवस गप्प होत्या, त्यांचं मी समजू शकते. मग बीडच्या एका काकांनी लिहिलं की त्यांचाही मागचा महिना चांगला गेला, लिहायचं धाडस झालं नव्हतं. त्यांच्यामागून सोलापूरची एक मुलगी. मग आणखी कुणी.

आपांचा लगेच फोन. "पाह्य मीना, किती जन चोरून बरे होऊन राह्यले होते!"

आमच्या गटात अजूनही बहुतेक सकाळी दुखण्याच्याच असतात. माझ्याही. आजची मात्र जरा हलकी होती. कुकरचं झाकण पहिल्याच प्रयत्नात माझ्या हाताने लागलं. फोन घेतला, लिहावं की नाही म्हणून क्षणभर थांबले. मग लिहिलं, आणि गॅस पेटवला.