मंडालेकर काकांचा निकाल

मंडालेकर काका नव्या माणसाला नाव विचारायच्या आधी त्याचा जन्मवार विचारत. लंडनच्या हॅरो स्टेशनबाहेर, भर थंडीत, माझ्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असताना त्यांनी मला गाठलं आणि वार विचारला. मी शुक्रवार म्हणालो. काकांनी मला बुटांपासून कानटोपीपर्यंत न्याहाळलं आणि हळहळून म्हणाले, "गिनीपिग." पुढची कितीतरी वर्षं ते माझ्याकडे त्याच नजरेनं बघत होते.

ब्रह्मदेशात प्रत्येक वाराला एक प्राणी असतो, हे मला मागाहून कळलं. सोमवारचा वाघ, मंगळवारचा सिंह, गुरुवारचा उंदीर. बुधवारचे तर त्यांनी दोन तुकडे केलेत. सकाळी जन्मलात तर सुळेवाला हत्ती, दुपारी जन्मलात तर बिनसुळ्यांचा. शुक्रवारवाल्यांच्या वाट्याला तेवढं गिनीपिग उरलं. काका स्वतः अर्थातच सिंह. काकू शनिवारच्या, म्हणजे नाग. "हिनं लग्नाआधी मला वार खोटा सांगितला होता," असं काका चारचौघांत सांगायचे आणि काकू कांदा चिरता चिरता "हो" म्हणायच्या.

काकांचं खरं आडनाव पोस्टमनला तेवढं माहीत असावं. घराणं रत्नागिरीचं, पण जन्म मंडालेचा. वडील तिथे रेल्वेत होते आणि घर राजवाड्याच्या खंदकाला लागून होतं. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी त्या राजवाड्यातून उचलून रत्नागिरीत आणून ठेवलं, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. काका त्याच्यावर म्हणत, "त्यांचा राजा आमच्या गावी आला, म्हणून आम्ही त्यांच्या गावी गेलो. येणंजाणं ठेवावं लागतं."

मंडालेच्या गोष्टी ते अशा सांगत, की जणू कालच तिथून मेट्रोपॉलिटन लाइननं परत आलेत. जुन्या राजधानीतला सागवानी राजवाडा खांब न् खांब सोडवून हत्तींवरून नव्या शहरात कसा आणला, तटाला बारा दरवाजे कसे होते, वगैरे. त्यातली एक गोष्ट त्यांची फार लाडकी होती. म्हाताऱ्या राजानं आपल्या दालनात प्राण सोडला. मुलगा गादीवर बसला, पण त्याला बापाचं भूत दिसायला लागलं, म्हणून त्यानं ते दालनच्या दालन उखडून तटाबाहेर नेऊन टाकलं. पुढे महायुद्धात राजवाडा जळून गेला आणि ते टाकलेलं दालन तेवढं वाचलं. "म्हणून काहीही टाकायचं नसतं," असं म्हणून काका गॅरेजचं दार उघडून दाखवत. आत मोडक्या लॉनमोवरपासून तीन पायांच्या खुर्चीपर्यंत सगळं होतं. गाडी बाहेर पावसात भिजत असे.

मंडालेच्या दरबारात पांढरी छत्री फक्त राजाच्या डोक्यावर धरत. हे काकांनी लग्न झाल्याबरोबर काकूंना सांगायची चूक केली. काकूंनी हॅरोच्या सेलमध्ये एक पांढरीशुभ्र छत्री घेतली आणि नंतर कधी दुसऱ्या रंगाची वापरलीच नाही. ती उघडून त्या काकांना आणायला स्टेशनवर जात. काका गाडीतून उतरत, छत्री बघत आणि चार पावलं मागून चालत घरी येत.

पण काकांची खरी कीर्ती होती ती लाफेमुळे. लाफे म्हणजे आंबवलेला चहा. प्यायचा नव्हे, खायचा. चिनी दुकानातून हिरव्या चहाची पत्ती आणून, उकळून, पिळून, आलं-लसूण लावून काका ती बरणीत दाबून भरत आणि बरणी गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांशेजारी ठेवत. त्या घरात हात पुसले की दिवसभर हाताला मंडालेचा वास येई. खायच्या वेळी ही पत्ती लाखेच्या गोल डब्यातून यायची. मधल्या खणात लाफे, बाजूच्या खणांत तळलेला लसूण, तीळ आणि दाणे. युद्धात सगळं सोडून हे लोक पायी निघाले, तेव्हा काकांच्या आईनं तेवढाच डबा बरोबर घेतला होता. एवढं एकच काका कधी रंगवून सांगत नसत.

मंडालेत म्हणे निकाल लागला की वादी-प्रतिवादी लाफे खात. खाल्लं की निकाल मान्य, पुन्हा तक्रार नाही. काकांनी हा कायदा हॅरोला लागू केला होता. गणपतीत आरतीचा माइक कुणी धरायचा यावरून दोन डॉक्टरांचं बोलणं बंद झालं, तेव्हा काकांनी दोघांना बोलावून निकाल दिला की आरती माइकशिवाय होईल, आणि डबा पुढे केला. दोघांनी तोंडं वाकडी करून खाल्लं. पुन्हा कुणी माइकचं नाव काढलं नाही, कारण काढलं असतं तर पुन्हा खावं लागलं असतं.

अशा माणसाच्या मुलीच्या मी प्रेमात पडलो. नीला हॅरोतच जन्मलेली, आणि वार सोमवार. एका रविवारी आम्ही दोघं काकांसमोर बसलो आणि मी सगळं सांगून टाकलं. काका उठले, डबा आणला आणि माझ्यापुढे ठेवला. मला वाटलं, तोंड गोड करतायत. मी चमचाभर खाल्लं आणि सासरेबुवा खूश व्हावेत म्हणून वर आणखी मागून घेतलं.

"वाघ आणि गिनीपिग," काका म्हणाले. "मंडालेत हे लग्न कुणी लावलं नसतं. मी पण लावणार नाही. आणि तू खाल्लंयस. दोनदा."

मी डॉक्टरांसारखं तोंड करून बसलो. पण नीलानं डबा बाजूला सारला. "बाबा, मी नाय खाल्ली. मी कधीच नाय खाणार. ही चहा नाहीये, it's compost."

काका जातिवंत न्यायाधीश होते. त्यांनी विचार केला आणि कबूल केलं, "दुसऱ्या पक्षानं खाल्लेलं नाही. खटला चालू आहे."

तो हिवाळाभर चालला. मला जेवायला यायची मुभा होती, कारण मी कच्चा कैदी होतो. काका रोज नीलापुढे डबा ठेवत आणि ती रोज तो परत सरकवत असे. अशात तिला एडिनबराच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली. एप्रिलात जायचं होतं. बाबांनी 'हो' म्हटल्याशिवाय ती लग्न करणार नव्हती आणि बाबा म्हणणार नव्हते. ती एकटी निघून जाणार, हे मला दिसायला लागलं. क्रॉयडनच्या ऑफिसात बसून मी एकच बेरीज दिवसभर करत राहायचो. सगळ्या गोष्टींना हसणारा मी, पण त्या दिवसांत मला खरंच हसू येत नव्हतं.

मार्चमधल्या एका शनिवारी काका चार वाजताचं आपलं नेहमीचं लाफे खात बसले होते, नीला आणि मी समोर होतो. काकू दुकानातून आल्या. बाहेर पाऊस होता. छत्री मिटायची सोडून त्या ती तशीच घेऊन बैठकीच्या खोलीत शिरल्या आणि काकांसमोर उभ्या राहिल्या. छत्रीचं पाणी गालिच्यावर ठिबकत होतं.

"अहो, नीलाचं लग्न याच्याशी होणार. जूनमध्ये. हा निकाल."

काकांचं तोंड भरलेलं होतं. ते चावायचे थांबले. थुंकावं तर मंडालेची अब्रू जाते आणि गिळावं तर मुलगी. गाल फुगवून ते कसंबसं म्हणाले, "निकाल राजा देतो."

काकूंनी वर बघितलं. "मग पांढरी छत्री या घरात कुणाकडे असते?"

काकांनी आमच्याकडे बघितलं, छत्रीकडे बघितलं आणि गिळलं. बराच वेळ लागला. मग मला म्हणाले, "गिनीपिग, जूनमध्ये रजा मिळेल का तुला?"

आम्ही एडिनबराला संसार थाटला. काही वर्षांनी काका आजारी पडल्याचा फोन आला आणि आम्ही धावत हॅरोला आलो. हॉस्पिटलात ते उशीला टेकून बसले होते आणि काकूंना त्यांनी डबा आणायला लावला होता. नर्स दोनदा येऊन वास कसला म्हणून बघून गेली. काकांनी आपल्या हातानं आम्हा तिघांना थोडंथोडं लाफे दिलं. त्यांना स्वतःला आता काही गिळता येत नव्हतं. मी खाल्लं, काकूंनी खाल्लं.

"मी गेल्यावर कुणी रडायचं नाही," काका म्हणाले. "हा निकाल."

आम्ही पुन्हा सापडलो होतो. काकांनी नीलाकडे बघितलं. लाफेवर तिची मूठ तशीच मिटलेली होती. न्यायाधीश असूनही त्यांनी तिला खायला लावलं नाही.

काका गेले तेव्हा काकू रडल्या नाहीत. मीही दात आवळून उभा राहिलो. नीलानं मात्र खाल्लेलं नव्हतं. ती आमच्या सगळ्यांच्या वाटचं रडली.