एकेचाळीस नंबरची जागा

केल्विन प्रायर काही सांगायला लागला की आधी खाकरायचा, मग टोपी मागे सारायचा आणि मग म्हणायचा, "तसं काही विशेष नाही." या तीन गोष्टी झाल्या की ओळखायचं, अर्ध्या तासाची निश्चिंती. चौतीस वर्षं त्याने गव्हाच्या मुलखातल्या एका गावात शाळेची बस चालवली. मागच्या बाकावरची कार्टी त्याची नक्कल करायची, खाकरून, टोपी सारून, सगळं. तो आरशात बघून म्हणायचा, "खाकरणं जमलं रे. टोपीत चुकलास. परत कर."

जानेवारीत, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यात, त्या गावात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं. नाताळ झाला की केल्विन आणि त्याची बायको लोरेन पोरीला गाडीत घालायची आणि डोंगर उतरून पाच तासांवरच्या समुद्राकडे निघायची. तिथल्या कॅरॅव्हॅन पार्कात, म्हणजे चाकांवरची घरं उभी करायच्या मैदानात, तिसऱ्या रांगेत एकेचाळीस नंबरची जागा त्यांची. एका अंगाला बँक्सियाचं वाकडं झाड, दुसऱ्या अंगाला पाण्याचा नळ, समोर खाडी. अडतीस वर्षं हीच जागा. कुणी विचारलं, "अरे, कधी दुसरीकडे जा की, जग एवढं मोठं आहे," तर केल्विन म्हणायचा, "दुसरीकडे नळ कुठे असेल कुणास ठाऊक." लोरेन जाऊन पाच वर्षं झाली, तरी तो एकटा जातच होता.

पार्काचा कायदा साधा होता. जागेचा परवाना वर्षाचा. ज्याच्या नावावर जागा, त्याने वर्षातून वीस रात्री तिथे झोपलंच पाहिजे. सोडायची झाली तर ती पोटच्या लेकरालाच देता येते, आणि त्या लेकराने जातीने ऑफिसात येऊन सही करायची. नाहीतर जागा यादीतल्या पहिल्या माणसाला. ती यादी म्हणजे काय विचारू नका. लोकांना मुलं होतात, मुलांना दाढ्या येतात, यादी हलत नाही. सध्या यादीच्या डोक्यावर थियो कालोगेरास होता. बारा वर्षं तो आणि त्याची बायको संडासांमागच्या उतारावर तंबू ठोकत होते. केल्विन त्याला लांबून हाक मारायचा, "काय थियो, मी अजून जिवंत आहे बरं का!" थियो म्हणायचा, "दिसतंय की! मटण भाजलंय, ये, म्हणजे लवकर मरशील."

नोव्हेंबरात डोळ्यांच्या डॉक्टरने केल्विनला सांगितलं, गाडी बंद. नजरेच्या बरोबर मधोमध मळका डाग बसला होता. बाजूचं दिसायचं, समोरचं नाही. दाराची चौकट दिसायची, दारात उभा राहिलेला माणूस नाही. केल्विनने गाडीचा परवाना जमा केला आणि गावात कुणाला एका शब्दाने बोलला नाही. त्याच आठवड्यात नरेलचा फोन आला, "बाबा, येतोय आम्ही. चौघं. तीन आठवडे!"

नरेल त्याची एकुलती एक. सतरा वर्षांपूर्वी दोन वर्षांसाठी म्हणून नॉर्वेला गेली आणि तिथलीच झाली. नवरा सिंड्रे जहाजांवर इंजिनियर, पोरगी तुवा चौदाची, पोरगा एरिक दहाचा. चार वर्षांनी येत होती. केल्विनने फोन ठेवला आणि पार्काच्या मॅनेजरकडून, वॉरनकडून, पोस्टाने फॉर्म मागवला. त्याच्या डोक्यात सगळं चोख बसलं होतं. नरेलने एक सही केली की जागा तिची, आणि जागा तिची म्हटल्यावर वर्षाला वीस रात्री तिला यावंच लागणार. पोरं येणार. येताना वाटेत त्यालाही गाडीत घेणार. एका सहीत सगळं.

नरेल भाड्याची गाडी घेऊन दारात आली तेव्हा तिने पहिलं विचारलं, "तुझी गाडी कुठाय?"

"मेकॅनिककडे."

"नाताळात?"

"म्हातारी झालीय ती. तिला नाताळ कळत नाही."

पार्कात पोचल्या पोचल्या शेजारच्या बेचाळीस नंबरमधून कोलीन धावत आली. कोलीनला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. "आलीस का गं, आलीस? अगं किती वाळलीस, वाळलीस ना? हा तुझा नवरा, हाच ना? उन्हात नको बसवूस बाई त्याला, उन्हात नको, वितळेल!" सिंड्रेने आदबीने मान हलवली आणि म्हणाला, "हो. छान." पुढचे तीन आठवडे सिंड्रे एवढंच बोलला. मासा गळाला लागला, हो, छान. माशी तोंडात गेली, हो, छान.

कॅरॅव्हॅनमध्ये केल्विनने गेल्या उन्हाळ्यातच पोरांसाठी लाकडी बंक बांधले होते, एकावर एक, रंधा मारून, पॉलिश करून. माप त्याने घरच्या दाराच्या चौकटीवरून घेतलं होतं, चार वर्षांपूर्वी पोरं पाठ लावून उभी राहिली होती त्या खुणांवरून. तुवा आडवी झाली आणि तिचे पाय पोटऱ्यांपर्यंत बाहेर आले.

"पॉप," ती आजोबांना म्हणाली, "बाकीची मी कुठे ठेवू?"

सगळे पोट धरून हसले. केल्विनही हसला. दुसऱ्या दिवशी तुवाने बाहेर कनातीत खाट टाकली, आणि खालच्या बंकवर टॉवेल वाळत पडले.

दिवस भरभर जाऊ लागले. सकाळी वॉरन लाउडस्पीकरवरून नाकातून ओरडायचा, "सोळा नंबर, सोळा नंबर, तुमचा कुत्रा ऑफिसात नाश्ता करतोय. त्याने अंडी मागितली आहेत." दुपारी ओल्या वाळूवर क्रिकेट. बर्फाची पेटी म्हणजे स्टंप, चेंडू खाडीत गेला की सहा धावा आणि वर बाद. केल्विन आजवर कीपर असायचा, म्हणून यंदाही उभा राहिला. एरिकने टाकलेला चेंडू सरळ आला आणि धाडकन त्याच्या छातीवर बसला.

"बाबा! झोपलास की काय?" नरेल ओरडली.

"तुझा पोरगा फार वेगात टाकतो गं."

"वेगात? अरे, वाटेत मला त्याला थांबवून जेवू घालता आलं असतं!"

फॉर्म तो पावाच्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून शर्टाच्या खिशात घेऊन फिरत होता. रोज ठरवायचा, आज बोलायचं. नरेल नळावर भांडी घासायला बसली की तो जवळ जाऊन उभा राहायचा. खाकरायचा.

"काय रे बाबा?"

"काही नाही. साबण आहे ना?"

"आहे."

"मग झालं."

दुसऱ्या आठवड्यात तो आणि एरिक धक्क्यावर पाय सोडून कोळंबी सोलत बसले होते. एरिक डोकी खाडीत फेकत होता आणि पेलिकन ती वरच्यावर झेलत होते. मधेच एरिक म्हणाला, "पॉप, पुढच्या वेळी तू आमच्याकडे ये हं. आम्हाला यायला जमणार नाही."

"का रे?"

"आम्ही केबिन घेतलीय, छोटं लाकडी घर. समुद्राजवळ. प्रत्येक सुट्टीत तिकडेच जायचं, म्हणजे मग ती आपली होते, असं आई म्हणते." मग त्याने जीभ चावली आणि आईचा दबका, घाईचा आवाज हुबेहूब काढला, "'पॉपला आत्ता काही बोलायचं नाही, कळलं? सुट्टीचा विचका होईल. घरी पोचलो की मी फोनवर सांगेन.'" आणि आपल्या आवाजात, "तू सांगू नकोस हं मी सांगितलं म्हणून."

"नाही सांगत."

केल्विनने हातातली कोळंबी सोलून संपवली. तिची पाठीवरची काळी शीर ओढून काढली, बोटं पाण्यात बुडवली.

"नळ आहे का केबिनला?" त्याने विचारलं.

"विहीर आहे. हातपंप."

"वारा कुठून येतो?"

"मला काय माहीत! समोरून असेल."

"बघून ठेवायचं. दार त्या बाजूला असेल तर हिवाळ्यात हाल होतील."

त्या दुपारी पोरं पोहायला गेली आणि कोलीन त्याच्याकडे चहाला आली. त्याने किटली उचलली आणि चहा कपाच्या बाजूला, सरळ टेबलावर ओतला. कोलीनने किटली त्याच्या हातातून घेतली.

"कधीपासून?"

"नोव्हेंबर."

"तिला माहीत नाही? नाहीच माहीत ना? केल, अरे सांग तिला. डोळ्यांचं सांगितलंस की ती सही करेल, बघ तू, डोळे मिटून करेल."

"करेल ना. तीच तर भीती आहे."

"आता हे काय नवीन? तुला तेच हवं होतं ना, तेच ना?"

केल्विनने फडक्याने टेबल पुसलं. पुसलेलीच जागा पुन्हा पुसली. "तिने केबिन घेतलीय कोलीन. तिकडे. पोरांना घेऊन दर सुट्टीत जाणार. मी नाही का, लोक सांगत होते तरी दुसरीकडे गेलो नाही, तसंच. आता मी डोळे पुढे केले तर ती तिकडचं सोडून इकडे येईल. येईल आणि माझ्याकडे बघत बसेल, पडतो की काय, अडखळतो की काय. मग पाण्याकडे कोण बघणार?"

कोलीनने किटली पुन्हा उचलली. तिने चहा ओतला, त्याचा कप त्याच्या बोटांना लागेल असा सरकवला आणि शेजारी बसून राहिली.

सुट्टीच्या शेवटच्या शुक्रवारी लाउडस्पीकर खरखरला, "परवान्याचे कागद दुपारी बाराच्या आत. बारा म्हणजे बारा. साडेबाराला मी मासे पकडायला गेलेला असेन." केल्विन कुंपणाला हात लावत लावत एकटा ऑफिसात गेला. पिशवीतून फॉर्म काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "जागा सोडली असं कुठे लिहायचं, तिथे बोट ठेव."

वॉरनचा लाउडस्पीकरवरचा आवाज आणि खरा आवाज यात एरवी काडीचा फरक नसे. पण त्या दिवशी तो हळू बोलला. "केल, नरेल बाहेरच आहे की. मी हाक मारू?"

"नको."

"अडतीस वर्षं झाली."

"मोजलीत मी. बोट ठेव."

वॉरनने बोट ठेवलं. केल्विनने बोटाच्या कडेकडेने सही केली.

नरेल कॅरॅव्हॅनच्या पायरीवर ओले कपडे पिळत होती. केल्विन समोर येऊन उभा राहिला. या वेळी खाकरलाबिकरला नाही. "मी जागा सोडली," तो म्हणाला. "आत्ताच सही करून आलो. कॅरॅव्हॅनसकट थियोला."

"काय? बाबा, का?"

"कंटाळलो गं. पाच तासांचा रस्ता, ते डोंगर, ती वळणं. आणि माशा किती वाढल्यात."

"खरंच? माझ्यासाठी म्हणून नाही ना? मी खरं तर..."

"तुझा काय संबंध? माझी जागा, मला कंटाळा आला."

तो नीट तिच्याकडे तोंड करून उभा होता. तिचा चेहरा जिथे असायला हवा तिथे मळकट डाग होता, भोवती ऊन आणि दोरीवरचे टॉवेल. म्हणून त्याने ऐकलं. आधी तिच्या हातातल्या कपड्यातून ठिबकणारं पाणी. मग नाकातून सोडलेला एक लांब श्वास, कित्येक दिवस खांद्यावर वाहिलेलं ओझं खाली ठेवल्यावर सुटतो तसा.

"बाबा, मग मलापण एक सांगायचंय. रागावू नकोस हं." आणि ती भडाभडा बोलायला लागली. केबिन, बेट, बँक, सिंड्रेच्या आईने दिलेले पडदे. बोलता बोलता तिने फोन काढला आणि त्याच्या नाकासमोर धरला. "ही बघ. आवडली?"

केल्विनने मान तिरकी केली, मग दुसरीकडे तिरकी केली. निळं काहीतरी होतं, त्यावर काळपट.

"झकास आहे," तो म्हणाला. "झाड चांगलं आहे अंगणात. सावली पडेल."

"झाड? अरे, ती बोट आहे!" नरेल खो खो हसली. "तुझं आपलं काहीतरीच! सिंड्रे, ऐकलंस का, बाबा बोटीला झाड म्हणतोय!"

"हो," आतून सिंड्रे म्हणाला. "छान."

रविवारी निघायच्या वेळी थियो बायकोला घेऊन आला. बारा वर्षं वाट बघितलेला माणूस, पण दारात असा उभा, जणू चोरी करायला आलाय. बायकोच्या हातात झाकलेली ताटली होती. "केल, मला काय बोलावं..."

"बोलू नकोस, ऐक." केल्विनने त्याच्या कोपराला धरून त्याला कनातीभोवती फिरवलं. हातांनी चाचपत एकेक दाखवत गेला. दक्षिणेचा वारा दुपारनंतर येतो, आला की हा दोर आधी सोडायचा, मग तो. ही मेख जमिनीत नाही, झाडाच्या मुळात ठोकलीय, हिला हलवायचं नाही. नळ उजवीकडे जास्त फिरवला की ठिबकतो. लोरेन इथे खुर्ची टाकायची, इथे सकाळी नऊपर्यंत सावली असते, पायांवर ऊन येतं पण डोक्यावर येत नाही. थियोची बायको डोळे पुसत सगळ्याला "हो, हो" म्हणत होती. गाडीतून नरेलने हॉर्न वाजवला. केल्विन बोलतच होता. तिने परत वाजवला.

शेवटी तो येऊन पुढच्या सीटवर बसला. ताटली मांडीवर घेतली. गाडी फाटकाकडे वळली.

"पॉप, ते लोक हात हलवतायत," मागून एरिक म्हणाला.

केल्विनने खिडकीतून हात बाहेर काढला आणि हलवायला लागला.

"तिकडे नाही, पॉप. तिकडे कुणीच नाहीये. ते या बाजूला आहेत."

"माहीत आहे मला," केल्विन म्हणाला.

त्या बाजूला खाडी होती. फाटक मागे पडून गाडी मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत त्याचा हात बाहेरच होता.