आधीच घेतलेला आनंद

मोठ्या शर्यतीच्या आधी माझ्या नवऱ्याच्या वर्तमानपत्रात दोन बातम्या लिहून ठेवत, एक जिंकल्याची, एक हरल्याची. म्हणजे छपाई अडत नसे. सेइजी आमच्या नागासाकीकडच्या बंदरगावात खेळांच्या बातम्या लिहायचे. शांत माणूस, आवाज चढवलेला मला आठवत नाही.

मासळीच्या वड्या विकणाऱ्या शिराहामाबाईंची मुलगी फुमिए परदेशातल्या मॅरेथॉनसाठी निवडली गेली, तेव्हा ते रोज सकाळी बंधाऱ्यावर तिचा सराव बघायला जात. एकदा परत आले आणि सूप तसंच ठेवून बसले.

"डावी टाच टेकत नाहीये तिची. पहिल्या विसात आली तरी खूप झालं."

त्याच संध्याकाळी फुमिए स्वतः आली. दारातच उभी राहून तिनं सेइजींना आमच्या आडनावानं हाक मारली.

"इवानागासान, तुम्ही लिहा ना ते टाचेचं. मी बोलले तर रडगाणं होईल. तुम्ही लिहिलंत तर लोक थोडं कमी मागतील माझ्याकडे."

त्यांनी लिहिलं. दुसऱ्या दिवशी संपादकांचा फोन आला. त्यांचा आवाज मला चुलीपाशी ऐकू येत होता.

"गावानं स्टेशनवर तिच्या नावाचं कापड टांगलंय आणि तुम्ही टाचा कसल्या बघताय? पोरीचं धैर्य खचेल. हे छापून जाणार नाही. आणि हो, जिंकल्याच्या बातमीसाठी आईचे दोन शब्द आणा."

सेइजी शिराहामाबाईंकडे गेले. बाई तळण काढत होत्या.

"आत्ताच? अजून धावली कुठंय ती?"

"जिंकली असं समजून बोला."

"आत्ताच हसून घेतलं तर तेव्हा काय करू हो?" असं म्हणत त्यांनी एप्रन सोडला, भिंतीकडे तोंड केलं आणि मुलगी तिथंच असल्यासारख्या तिच्याशी बोलल्या. काय बोलल्या ते सेइजींनी फक्त मला सांगितलं.

शर्यतीत अर्ध्या वाटेवर फुमिए रस्त्याच्या कडेला बसली. छापून आल्या त्या हरल्याच्या बातमीच्या चार ओळी. ती गावात परतलीच नाही. उत्तरेकडे कुठल्याशा कारखान्यात कामाला राहिली.

मग शिराहामाबाई आमच्याकडे येऊ लागल्या. हातात गरम वड्यांचा पुडा असायचा.

"इवानागासान, माझे ते शब्द छापले नाहीत ना? मग परत द्या."

आधी आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

"तिचा फोन येतो. मी नुसती धरून बसते. बोलायचं ते आधीच बोलून टाकलं, आता तोंडात काही येतच नाही. काय बोलले होते तेही आठवत नाही."

कागद तर केव्हाच फाडला होता. शब्द मात्र सेइजींना पाठ होते, पण ते त्यांनी बाईंना कधी सांगितले नाहीत. न्हाणीघरात पाणी पडताना बाईंचा तो आवाज येतो, असं म्हणायचे. पुढे पुढे मलाही येऊ लागला.

निवृत्तीच्या वर्षी त्यांनी सगळं लिहिलं: टाच, फुमिएची विनंती, स्वतःचं गप्प बसणं. नव्या संपादकांनी छापलं. न्हावी म्हणाला, "तेव्हा जीभ कुणी धरली होती?" कात्रण सेइजींनी उत्तरेला फुमिएकडे पाठवलं. उत्तर आलं नाही, आणि त्या हिवाळ्यात ते गेले.

फुमिए आली ती त्यांच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावायला. केस पांढरे झालेले. "पहिले वीस कसले," तसबिरीकडे बघत म्हणाली, "जास्तच धरलं होतंत तुम्ही."

मी शिराहामाबाईंना बोलावून घेतलं. त्या आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. माझ्याकडे बघू लागल्या. त्यांना काय हवंय ते मला कळलं, सेइजींनी मला सांगितलेलं त्यांचं ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण ते जिंकून आलेल्या मुलीसाठी होतं, आणि ती मुलगी कधी आलीच नव्हती. मी चहाकडे वळले.

मागून बाईंचा आवाज आला.

"पेपरात वाचलं मी. टाच अजून दुखते का गं?"

"थंडीत दुखते," फुमिए म्हणाली.

"बघू," म्हणत बाई खाली बसल्या.