हळद घातलेला रेडिएटर

मुलांनो, आजोबांच्या जुन्या पिकअपचा रेडिएटर आज मेस्त्रींनी उघडला आणि आतून पिवळा गाळ निघाला. "आजी, यात पिठलं शिजवत होता का?" त्यांनी विचारलं. गळती थांबावी म्हणून आजोबा पाण्यात हळद घालत. गळती थांबायची, पण हळूहळू नळ्याच बुजल्या.

आता नवा अ‍ॅल्युमिनियमचा बसवायचा, की जुना पितळी साफ करून त्याच्या भोकांना कथलाचा डाग देऊन ती बुजवायची, हे मला ठरवून सांगायचं होतं. अ‍ॅल्युमिनियम हलका, लवकर निवतो. पण फुटला की डाग धरत नाही, टाकूनच द्यावा लागतो. एवढी वर्षं त्या गाडीचं सगळं आजोबांनीच ठरवलं. पक्षाघातानंतर ते बोलत नाहीत. दुसऱ्याच्या माहितीवर आपण किती निर्धास्त जगतो, हे गॅरेजमध्ये उभं राहून कळलं. "उद्या सांगते," म्हणून मी निघाले.

घरी येऊन त्यांचा हात धरला. "अहो, अ‍ॅल्युमिनियमचा बसवू? हो असेल तर हात दाबा."

त्यांनी दाबला. मला केवढं बरं वाटलं! मग खात्रीसाठी विचारलं, "की जुनाच ठेवू?"

त्यांनी पुन्हा तसाच दाबला.