जुन्या वंगणाची खपली

आमच्या तांड्यात पहिली बैलगाडी आली ती आबांची, आणि ती आली त्या दिवसापासून तांड्याची झोप उडाली.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. जन्मभर त्यांनी बैलांच्या पाठीवर मिठाच्या नि धान्याच्या गोण्या लादून मुलूख पालथा घातला. पुढे गाड्या आल्या, मोटारी आल्या आणि ते काम बसलं. आबांचा चाकावर तेव्हापासून राग. म्हातारपणी त्याच चाकापुढे हात टेकून त्यांनी डोंगरकडा गावाहून एक जुनी गाडी विकत आणली, पण तिच्याबद्दल कुणाला काही विचारायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. गाडी ओढणाऱ्या जोडीतल्या एका बैलाच्या गळ्यात त्यांनी आपल्या जुन्या म्होरक्या बैलाची पितळी घंटा बांधली. घंटा काढलेला बैल धन्याविना, असं ते म्हणत, आणि ती घंटा गोठ्यातसुद्धा उतरायची नाही.

गाडी ओरडायची. मांजराच्या शेपटीवर कुणी पाय देऊन उभं राहावं तशी. आम्ही दिसायच्या कितीतरी आधी पुढच्या गावाला कळायचं की तांड्याची गाडी येऊन राहिली. मी तेव्हा वीस वर्षांचा, नुकतं लग्न ठरलेलं. सासुरवाडीच्या वाटेला तर मी गाडी न्यायचोच नाही, सरळ पायी जायचो.

आबांचा उपाय ठरलेला. खीळ काढायची, चाक चार बोटं बाहेर ओढायचं आणि ते ज्यावर फिरतं त्या लोखंडी कण्यावर वंगण थापायचं. एरंडेल तेलात जळक्या चिंध्यांची राख कालवून ते घरीच व्हायचं. तो वास अजून माझ्या नाकात आहे. कुठे एरंडेल तापलं की मी आधी गाडीपाशी जातो, मग स्वयंपाकघरात. एकदा मी चाकाच्या मधल्या तुंब्यात बोट घालून जुनी काळी मळी काढायला गेलो, तर आबांनी हातावर फटका दिला.

"खपली काहून काढून राहिला? भरू दे तिला."

(आमची तांड्याची बोली वेगळी. इथे मी सगळ्यांना मराठीतच बोलायला लावलं आहे.)

आता कळतं की आबा तसे खुळे नव्हते. गोणी घासून बैलाच्या पाठीला जखम झाली की ते हळद-तेलाचा लेप द्यायचे, उद्या त्यावर दुसरा, परवा तिसरा. खपली आपोआप गळेपर्यंत तिला नख लावायचं नाही. किती बैलांच्या पाठी त्यांनी अशा बऱ्या केल्या असतील! कण्यालाही त्यांनी तेच औषध चालवलं, वर्षानुवर्षं.

माझी थोरली बहीण हिंगोलीच्या पुढे, पुसेगावच्या पलीकडल्या तांड्यात दिलेली. पहिलटकरीण, सातवा महिना सरत आलेला. तिच्या सासूचा निरोप आला, "पुनवेच्या आत न्या. आठवा लागला की मी पोरीला घराबाहेर काढणार न्हाई, मग बाळंतपण हितंच." वर्षापूर्वी त्याच घरात बहिणीची जाऊ बाळंतपणात गेली होती. निरोप आणणाऱ्याने निघता निघता बहिणीचे शब्दही सांगितले, "आबाला म्हणावं, मला हितं ठिवू नका." आईने ते ऐकलं आणि हातातलं पीठ तसंच टाकून बाहेर आली. म्हणाली, आजच निघा.

पुनवेला पाच दिवस होते, वाट तीन दिवसांची. आबा नि मी निघालो. आखाडा बाळापूर दिसायला लागलं तसा डाव्या चाकातला आवाज चिरका झाला, आणि मग एकदम थांबला. मी खाली पाहिलं तर तुंब्यातून धूर निघत होता. चाक फिरेना. बैलांनी जोर लावला तशी गाडी वाकडी झाली.

आबा तिथेच उभे राहिले. समोर, हाकेच्या अंतरावर, गाड्या बांधणाऱ्या मुसलमान सुताराचं घर होतं. दर बाजारी आम्ही त्याच्या दारावरून ओरडत जायचो आणि तो कपाळाला हात लावायचा. आबा कधी त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. त्या दिवशी मी काही बोलायच्या आत ते त्याच्या दाराकडे चालायला लागले.

सुताराने गाडीला टेकू दिला, चाक उतरवलं आणि लोखंडी पट्टीने तुंब्यात खरवडायला सुरुवात केली. आतून ढेपाच्या ढेपा निघाल्या, काळ्या, दगडासारख्या. एक ढेप त्याने हातोडीने फोडली. आत थरावर थर. कयाधू नदीची वाळू, रानाची माती, कापसाचे धागे, ज्वारीचा भुसा. आम्ही गेलो होतो ते सगळे रस्ते त्या ढेपेत होते.

"बाबा, तेलाची कमी न्हाई. पर वाळूवर तेल घातलं की ती लोखंड खाती. कितीक साल झालं साफ करून?"

"कधीच न्हाई."

"काहून?"

मला वाटलं, आता आबा भडकणार. ते खाली बसले. ती फुटकी ढेप त्यांनी हातात घेतली, बोटांनी कुस्करली आणि म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं."

हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

कण्याला खाचा पडल्या होत्या. त्या कानशीने घासण्यात दिवस गेला. उजवं चाक आबांनी स्वतः साफ केलं. पट्टी जाईना तिथे नखं घातली, घासलेटाच्या चिंधीने कणा पुसून त्यात तोंड दिसेल इतका लख्ख केला. सकाळी नवं वंगण लावून आम्ही निघालो. गाडी चालत होती आणि आवाज नव्हता. आबांना ते पटेना. दर थोड्या वेळाने ते वाकून बघायचे, चाक फिरून राहिलं का म्हणून.

पुनवेच्या आदल्या दिवशी, उन्हं उतरायच्या आत, आम्ही बहिणीच्या तांड्याशी पोचलो. ती लिंबाखाली आमच्याकडे पाठ करून बसली होती. शेजारी गाठोडं. सासूही पाठमोरीच उभी राहून सांगत होती, "आता न्हाई येत ते. ऊठ, सोड ते गाठोडं." बहिणीने गाठ सोडायला घेतली होती. आमचे बैल अगदी तिच्या मागे येऊन फुरफुरले तेव्हा तिने वळून पाहिलं.

"चाकाचा आवाजच न्हाई आला, घंटा वाटली कुणाच्या गुरांची," ती म्हणाली. "चार दिस झाले, मी कान लावूनच बसले ना आबा."

"माझीच चूक ओरडून राहिली होती, बाई. काढून टाकली बाळापुरात."

सासूने शब्द पाळला. तिनेच गाठोड्याची गाठ परत मारली. गाडीत कडबा पसरून त्यावर गोधडी टाकली आणि आम्ही लगेच निघालो. पुसेगाव येण्याआधीच बहीण झोपली. किती रात्री जागली होती कोण जाणे. झोपेतही तिची मूठ गाडीच्या दांडीला घट्ट धरून होती.

आबा खाली उतरले. मला वाटलं, परत चाक बघतायत. त्यांनी बैलाच्या गळ्यातली ती पितळी घंटा सोडली, आतला लोलक मुठीत आवळून धरला आणि जन्मभर बैलांच्या बाजूने चालले तसे चाकाच्या बाजूने चालायला लागले. मी दोनदा हळूच म्हणालो, आबा, वर बसा. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

हिंगोली येईपर्यंत बहीण जागी झाली नाही, आणि आबांनी मूठ उघडली नाही.