जोडीचे बोंबील

मंडळी, आज दुपारी समुद्राकाठच्या एका छोट्या कोळीवाड्यात नव्वदीच्या एका बाईंना लहानपणापासून खरं वाटत आलेलं काहीतरी खोटं ठरलं. माझ्या मात्र ते अजून डोक्यातून जात नाहीये.

आंदर मावळात आमच्या शेजारी सखूमावशी राहतात. त्या लहान असताना, इंग्रजांच्या काळात, कोळणी घाट चढून गावात यायच्या आणि तांदळाच्या बदल्यात सुके बोंबील द्यायच्या. ते बोंबील दोन-दोन असायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा. अख्ख्या गावाची समजूत, हा मासा जोडीनंच जगतो आणि जोडीनंच मरतो. कोळणींना कुणी कधी विचारलंच नाही!

आज पाहिलं तर एक कोळीण ओले बोंबील घेऊन बसलेली. दोन मासे उचलायची, जबड्यात जबडा अडकवायची आणि वाळवणाच्या दोरीवर टाकायची. मी तिथूनच मावशींना व्हिडिओ कॉल लावला.

"ह्या बाईच लावत्यात व्हय जोडी?" मावशींनी विचारलं.

कोळीण हसली. "नाय लावली तर वाऱ्यानं पडतील ना, आजी!"

मावशी हसल्या नाहीत. "माजा बा गेला तवा मी सात वर्साची व्हते. त्या दिसापासनं आयनं बोंबील तोंडात घातला न्हाई. म्हनायची, आपली जोडी मोडली, आता दुसऱ्याची कशाला मोडू?"

मग कितीतरी वेळ त्या नुसत्या कोळणीचे हात बघत राहिल्या.

त्यांच्या आईला तेव्हा कुणी खरं सांगितलं असतं, तर ती पुन्हा बोंबील खायला लागली असती का? मला नाही वाटत. तुम्हाला?