घराखालची जमीन

“तुमी लोकं त घरदार बैलावर लादून फिरनारे. मंग आता कायले अडून राह्यले? उचला अन् जा.”

भाऊसाहेब आमच्याच ओट्यावर बसून हे म्हणाले. मागे उभी असलेली गावातली चार माणसं हसली. माझा बाप अंगणात हात जोडून उभा. मी दारात. चौदा-पंधरा वर्षांची असेन.

केळापूरच्या पलीकडचं हे गाव. आम्ही बंजारा, तांड्यातले. आजा बैलांवर मीठ लादून मुलूख फिरला, बापाने पांढरकवड्याला कापसाच्या गाड्या हाकल्या. गावात शाळा होती म्हणून बापाने भाऊसाहेबांचं गावाच्या कडेचं जुनं घर विकत घेतलं. दोन खोल्या, मातीच्या भिंती, छपरावर कवेलू, म्हणजे कौलं. तांड्यात घर घ्यायचं म्हणजे तांड्याच्या प्रमुखासमोर, नायकासमोर, शब्द द्यायचा आणि गूळ वाटायचा. खालची जमीन कोणी विचारत नसे. तांडा उठला की माणसं लाकूडफाटा घेऊन निघत, जमीन मागे राही. बापाने इथेही तेच केलं. पैसे दिले, कागदावर अंगठा दिला, गूळ वाटला. भाऊसाहेबांनीही खाल्ला. वर्षभर आम्ही बिनघोर झोपलो.

मग ते रोज संध्याकाळी यायला लागले. बोलत नसत. घराभोवती एक चक्कर मारायची, काठीने जमीन टोकरायची, निघून जायचं. याडीने, म्हणजे माझ्या आईने, परसात शेवग्याची फांदी लावली. दुसऱ्या दिवशी ती उपटून दारात टाकलेली. एका सकाळी उठलो तर अंगणात खुंट्या ठोकलेल्या. बाप म्हणाला, मालकाचं काही काम असेल. मला काहीतरी वाईट येतंय एवढं कळत होतं, काय ते कळत नव्हतं.

ते त्या दिवशी ओट्यावर येऊन बसलं.

“इमला इकला म्या तुले,” भाऊसाहेब बापाला म्हणाले. “भिती, लाकडं, कवेलू. जागा कधी इकली?”

बापाने अगदी खऱ्या मनाने विचारलं, “मालक, घराखाली जमीन नसते काय?”

त्यावर जे हसू फुटलं ते अजून माझ्या कानात आहे. मला बापाचाच राग आला. हसणाऱ्यांपेक्षा जास्त आला. आणि बाप निमूट छपरावर चढला, कवेलू काढायला लागला. याडी खालून झेलत होती. भाऊसाहेब बसल्या जागेवरून सांगत होते, जपून, फोडू नका, तुमचंच आहे.

मी अंगणात आले. बापाला म्हटलं, खाली उतर. तो उतरेना. मग मी भाऊसाहेबांसमोर जाऊन उभी राहिले. मान खाली घातली नाही.

“भिती आमच्या हायेत न? मंग त्या हायेत तिथंच राह्यतीन. जमीन तुमची हाय, त खालून काढून न्या.”

कोणी हसलं नाही. भाऊसाहेब उठले, धोतर झटकलं आणि गड्याला कुदळी आणायला पाठवलं. दुपारपर्यंत भिंती पडल्या. आम्ही तिघं समोर बसून बघत होतो. त्या ढिगातलं एक लाकूडही मी बापाला उचलू दिलं नाही.

बाप तांड्यावर परतला. मी पांढरकवड्याला तहसिलीसमोर बसणाऱ्या अर्जनविसाला गाठलं. घर घेताना काय काय बघायचं, सांग म्हटलं. त्याने एकेक सांगितलं: जमीन कोणाच्या नावाची, गहाण आहे का, चारी बाजूंना कोण, यायची-जायची वाट कोणती, विक्री जागेची की नुसत्या इमल्याची, आणि शेवटी कागद सरकारात नोंदला का. तो वैतागला. “तुले घर घ्याचं हाय काय, पोरी?” हो म्हटलं, आणि सगळं पुन्हा सांगायला लावलं.

आता तांड्यातला कोणी घर घ्यायला निघाला की मी सोबत जाते. विकणाऱ्याच्या ओट्यावर बसते. कागद स्वतः वाचल्याशिवाय आमच्या माणसाचा अंगठा लागू देत नाही. भांडकुदळ बाई म्हणतात मला. म्हणोत.

भाऊसाहेबांची ती जागा पडीक आहे. ती मी घेणार. भाऊसाहेबांनी कचेरीत माझ्या बापाच्या शेजारी उभं राहून खरेदीखतावर सही करायची. ते विकत नसतील तर त्यांच्या मुलाकडून घेईन, मुलगा विकत नसेल तर नातवाकडून. घेतल्याशिवाय मरणार नाही.